जांभळी चौकट

"मावशी, तुम्ही बाहेर थांबा," दस्तगीर मुल्लानं मला दुसऱ्यांदा सांगितलं, आणि मी दुसऱ्यांदा जागची हलले नाही.

दवाखान्याच्या तळघरातली खोली. मधोमध लोखंडी टेबल आणि त्याच्यावर मान वाकवून उभं असलेलं ते कोबाल्टच्या किरणांचा शेक देणारं मशीन, विहिरीत डोकावणाऱ्या हत्तीसारखं. टेबलावर माझी सून शैला उताणी निजलेली, अंगावर नुसतं हिरवं फडकं. उजवी छाती काढून दीड महिना झाला होता. उजवा हात डोक्यावर घ्यायचा होता आणि तो खांद्याच्या वर जाईना. चैत्राच्या उकाड्यात पोरीचे दात वाजत होते.

"ताई, अंग ताठ धरू नका," मुल्ला सांगत होता. "ताठ अंग रोज वेगळं पडतं. सैल अंग रोज तसंच पडतं."

मी म्हटलं, "ते तुमच्यानं व्हायचं नाही. सरका बाजूला."

मी कासारीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून तासगावच्या बाजारपेठेतलं दुकान मीच चालवलं. माहेरापासून धरून तोवर चाळीस वर्षं बायकांच्या हातात बांगड्या भरल्या. हात नुसता एकदा दाबला की माप सांगायची. दोन-चार का दोन-सहा, फुटपट्टी लागली नाही मला कधी. आणि बाई घाबरलेली असली की हाताचं लाकूड होतं, मग बांगडी फुटते आणि रक्त निघतं, हे मला त्या मशीनवाल्यानं शिकवायची गरज नव्हती.

मी शैलाचा हात हातात घेतला. अंगठ्याचा सांधा तळव्यात दाबला, बांगडी चढवताना दाबते तसा. "माझ्याकडं बघू नको. तिकडं भिंतीकडं बघ. सोड हात सैल. चुडा भरतेय समज."

तिनं तोंड डावीकडं भिंतीला केलं, डोळे मिटले, आणि हात सुटला. तसाच अलगद उचलून मी डोक्यावर ठेवला.

मुल्लानं घाईनं तिच्या कोपराखाली लाकडी पाचर सरकवली, मनगटावर वाळूची पिशवी टेकवली. मग वरून एका दिव्याचा झोत पाडला. उजेडाची चौकोनी चौकट तिच्या अंगावर पडली. अंगावर आधीच जांभळ्या औषधानं रेघा ओढल्या होत्या, एक मोठी चौकट छातीवर आणि एक लहान, गळ्याच्या बाजूला हाडावर. टेबल इकडं एक दोरा, तिकडं एक दोरा असं सरकवत त्यानं उजेडाची कड बरोबर रेघेवर आणून बसवली. वाकून बघितलं. पुन्हा बघितलं. माणूस मला तिथंच पटला. मापात हयगय करणारा नव्हता.

"रोज असंच?" मी विचारलं.

"रोज असंच. पंचवीस दिवस. तोच हात, तीच मान, तीच चौकट. औषध आत कुठं पोचतंय ते आपल्याला दिसत नाही, मावशी. म्हणून बाहेरची रेघ सांभाळायची. पाणी नाही, साबण नाही, तेल तर अजिबात नाही. आणि पुसली तर मला सांगायचं. मी ओरडेन. पण सांगायचं."

"माझ्या घरात सांगितलेलं पुसत नाही कुणी."

तो हसला. "तुम्ही रोज येत जा बरं का, मावशी. माझं निम्मं काम तुम्हीच केलं."

मग काय विचारता. मी रोज जाऊ लागले. सकाळी सातची एसटी, माझा मुलगा विलास दुकानात आणि मी सुनेबरोबर. बाकीच्यांची माणसं बाहेर बाकावर बसायची, मी थेट आत. रांगेतल्या बायका म्हणायच्या, ही कोण, डॉक्टरीण का? मी म्हणायची, तिच्याहून वर.

शेकाचे असे नऊ दिवस गेले. भूकंप झाला त्या वर्षीची ही गोष्ट.

मग रविवार आला. मशीनला सुट्टी. आणि त्याच दिवशी कराडचे पाहुणे माझ्या वंदनाला बघायला येणार होते. वंदना माझी धाकटी, सव्वीस संपलेली. तीन ठिकाणं मोडलेली. हे चौथं, आपल्यातलंच, भांड्यांचं मोठं दुकान, मुलगा निर्व्यसनी. शैलाच्या दुखण्याचं आम्ही बाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं, असं सांगितलं होतं. त्या काळी ते नाव घरात उच्चारत नसत. लागतं म्हणायचे. रक्तात असतं म्हणायचे. ज्या घरात ते निघालं, त्या घरची मुलगी कोण करून घेणार?

सकाळी शैला पाचवारी नेसून पुढं आली. पदराआड कापडाचा गोळा नीट बसवला होता. पण गळ्याशी, पदराच्या वर, चौकटीची जांभळी कड ठळक दिसत होती. कोपऱ्यावर मुल्लानं काढलेली फुलीसुद्धा.

"आत्या, मी माडीवर बसते," ती म्हणाली. "ताप आलाय म्हणून सांगा."

"एकुलती सून ताप आला म्हणून लपून बसली, तर कराडची बाई वर जाऊन कपाळाला हात लावून येईल. ओळखत नाहीस त्या जातीला."

"मग गळ्याभोवती रुमाल गुंडाळते."

"चैत्रात? घसा धरला म्हणून सांगू, का फास लावून घ्यायला निघाली होती म्हणून सांगू?"

 ती हळूच म्हणाली, "मुल्लाभाऊंनी पुसायचं नाही म्हणून सांगितलंय."

"पुसायचं नाही म्हणजे हरवायची नाही. मी हरवू देते होय?"

आणि मी खरोखरच हरवू दिली नाही. आधी माप घेतलं. तिला पलंगावर उताणी निजवलं, मशीनवर निजते अगदी तशी, हात डोक्यावर, तोंड भिंतीकडं. लहान चौकटीची रुंदी दोन-सहाच्या बांगड्या शेजारी शेजारी दोन. उंची एक बांगडी आणि वर दोन बोटं. गळ्याच्या खळगीपासून किती, खांद्याच्या हाडापासून किती, सगळं दोऱ्यानं मोजलं आणि दोऱ्याला गाठी मारल्या. मग खोबरेल तेल आणि डाळीचं पीठ घेऊन चौकट घासून काढली. शैलाच्या डोळ्यातून पाणी येत होतं. मी म्हटलं, "दुखतंय का?"

"नाही," ती म्हणाली.

पाहुणे आले. शैलानं चहा दिला, पोहे दिले. कराडची बाई तिच्याकडं बघून म्हणाली, "सूनबाई अशक्त दिसतात."

"चैत्रागौर आहे ना, उपास धरलेत," मी म्हटलं. "आमच्या घरच्या मुली खाण्यापेक्षा करण्यात हौशी."

बाई हसली. वंदनाला तिनं जवळ बसवून घेतलं. जाताना उंबऱ्यात म्हणाली, "आमच्याकडून पसंती समजा." मला तिथंच रडू फुटलं असतं, पण मी कुणापुढं रडत नाही.

संध्याकाळी उदबत्तीची काडी आणि तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध घेऊन मी शैलाच्या खोलीत गेले. दवाखान्यातही तेच वापरत. दिवसभर उभं राहून पोरीचा जीव गेला होता. पलंगावर भिंतीला टेकून बसली होती.

"नीज," मी म्हटलं.

ती निजायला गेली आणि कळवळली. काखेतली शीर पुन्हा आखडली होती. हात छातीच्या वर जाईना.

"राहू दे. बस तशीच. बसल्या बसल्या काढते."

"आत्या, तिथं हात वर असतो."

"हात वर असो नाही तर खाली असो, माप ते माप. तुझं मनगट हात वर केल्यानं लहान होतं का?"

 ती पलीकडच्या भिंतीकडं बघत राहिली. मी दोरा लावला, गाठी मोजल्या, काडी बुडवून रेघ ओढली. हात माझा थरथरत नाही. चौकट अशी आली की मुल्लानं बघितली असती तरी त्याला स्वतःचीच वाटली असती. चारी कोपऱ्यांवर चार फुल्या दिल्या. माझ्या कामावर मी खूश झाले.

सोमवारी मुल्लानं तिला निजवलं. हात डोक्यावर, पाचर, पिशवी. दिव्याचा झोत पाडला. छातीवरची चौकट बसली. मग गळ्याजवळच्या चौकटीवर उजेड आणला आणि तो थांबला.

"हे का बसत नाही?"

टेबल सरकवलं. पुन्हा बघितलं. उजेड चौकटीएवढाच होता, पण चौकटच तिरकी होऊन खांद्याकडं गेली होती. त्यानं पाचर काढून लहान पाचर लावली, हात थोडा खाली घेतला. मान थोडी सरळ केली. "शनिवारी तर बरोबर बसत होतं," तो पुटपुटला. हात आणखी खाली घेतला. आता उजेड चारी बाजूंनी रेघेवर चपखल बसला.

तो सरळ उभा राहिला. "ताई, अंघोळीत रेघ गेली होती का?"

शैलानं भिंतीकडचं तोंड वळवलं नाही.

"मावशी, रेघ पुसली होती का? कुणी पुन्हा काढली का?"

मी तिथंच सांगायला हवं होतं. तो ओरडला असता. डॉक्टरांना बोलावलं असतं, कागद बघून पुन्हा मापं घेतली असती, त्यात एक दिवस मोडला असता. एवढंच. पण बाहेर रांग होती, दार उघडं होतं आणि बाकावरच्या बायका आत बघत होत्या. त्यांच्यापुढं हा मला ओरडणार.

"मुल्ला," मी मोठ्यानं म्हटलं, "स्वतःच्या हातानं काढलेली रेघ ओळखू येत नाही, आणि लोकांच्या लेकीसुना या टेबलावर निजवता?"

बाहेर कुणीतरी हसलं. मुल्लाचं तोंड उतरलं. त्यानं वाकून पुन्हा चौकट बघितली. लांबी-रुंदीत केसाची चूक नव्हती. फुल्यासुद्धा होत्या. एखाद्या अडाणी बाईनं वेडीवाकडी काढली असती तर त्यानं तिथल्या तिथं पकडली असती. माझी पकडता आली नाही.

"बरं," तो म्हणाला, आणि कार्डावर लिहिलं. हात इतका खाली, मान इतकी सरळ. माणूस मोजमापाचा. त्या दिवसापासून पुढचे सोळा दिवस त्यानं तिला रोज तसंच निजवलं. इकडं नाही की तिकडं नाही.

घरी येताना एसटीत शैला म्हणाली, "आत्या, त्यांना सांगायचं का उद्या?"

"काय सांगायचं? बसली ना चौकट?"

"बसली," ती म्हणाली.

पुन्हा तिनं विषय काढला नाही. वैशाखात वंदनाचं लग्न झालं. शैलानं कलश घेतला.

दीड वर्षानं तिच्या गळ्याच्या हाडाच्या वर, खळगीला लागून गाठ आली. सुपारीएवढी. डॉक्टरांनी बघितलं, सुई घातली, चार दिवसांनी सांगितलं की तेच आहे. मी विचारलं, "शेक देऊनही कसं आलं?" ते म्हणाले, "आजी, काही वेळा येतं. कशानं ते सांगता येत नाही." मला वाटलं, सुटले.

पण मुल्ला जुनं कार्ड घेऊन आला. शैलाला खिडकीपाशी उजेडात बसवलं, पदर थोडा बाजूला घ्यायला लावला. शेक दिलेल्या जागी कातडी काळवंडते, ती तशीच राहते. चौकटीची चौकट उठते अंगावर. तो कार्ड बघे, कातडी बघे. मग बोटानं, न टेकवता, हवेतच एक रेघ दाखवली.

"ही कड दुहेरी आहे," तो म्हणाला. "ही आतली फिकी. नऊ दिवसांची. आणि ही गडद, पुढच्या सोळा दिवसांची. दोन बोटं सरकली आहे."

गाठ त्या दोन बोटांत होती. गडद चौकटीच्या बाहेर, फिक्या चौकटीच्या आत.

मी चाळीस वर्षं बायकांना सांगत आले, ताठ धरलेल्या हाताला दोन-सहा लागते आणि सैल सोडलेल्या त्याच हाताला दोन-चार बसते. अंग जसं धरावं तसं माप बदलतं. हे मला माहीत नव्हतं, असं मी कुणाला सांगणार?

"कशी सरकली?" मुल्लानं विचारलं. आवाज अगदी हळू होता. त्यानं शैलाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

आणि शैला म्हणाली, "मीच सरकायची, भाऊ. हात दुखायचा. तुम्ही दार लावून गेलात की मी खाली घ्यायची."

"ताई, तुम्ही सरकला असता तर कड पुसट, पसरट आली असती. ही धारदार आहे. रोज त्याच जागी पडलेली आहे." मग मला म्हणाला, "मावशी?"

शैला माझ्याकडं बघत नव्हती. लुगड्याची निरी बोटानं सरळ करत बसली होती.

"ती सांगतेय ना," मी म्हटलं.

मुल्लानं कार्ड मिटलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. तुरचीचा फाटा गेल्यावर म्हणाली, "आत्या, वंदनाला यातलं काही कळू देऊ नका. दिवस गेलेत तिला. माझ्यापायी झालं म्हणून मनाला लावून घेईल."

मी "बरं" म्हटलं. तिला इतकं सगळं आधीपासून कळत होतं, आणि मी तिला मुखदुर्बळ म्हणायची.

वर्षही निघालं नाही. शैला सवाष्ण गेली, म्हणून हिरवा चुडा भरायचा होता. दुसऱ्या कुणाला मी हात लावू दिला नाही. दुकानातून न विचारता, न बघता दोन-चारच्या घेऊन आले. तिचा हात हातात घेतला. चाळीस वर्षं तोंडात बसलेलं ते "सैल सोड" म्हणायची गरज नव्हती. बांगड्या मनगटावरून घसरल्या आणि थेट कोपरापर्यंत गेल्या. दोन-दोनच्याही मोठ्या झाल्या असत्या. बाजूच्या बायका कुजबुजल्या, हौसाबाईंचं माप पहिल्यांदा चुकलं. विलास ढसाढसा रडत होता. माप चुकायची ही पहिली वेळ नव्हती, एवढं सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

तेरावं झाल्यावर मी एकटीच सातच्या एसटीनं दवाखान्यात गेले. मुल्लाला सांगायचंच, असं ठरवून. सांगून काय होणार होतं ते मला माहीत नाही. पण त्या माणसानं कुठं चूक झाली म्हणून ते पंचवीस दिवसांचं कार्ड पुन्हा पुन्हा काढून बघितलं असेल, हे मला दिसत होतं.

तळघरात उतरले. दारावर नवी पाटी होती. माझी शाळा दुसरीपर्यंतची, अक्षर अक्षर जोडत वाचावं लागतं. बरोबरच्या. माणसांनी. आत. येऊ. नये.

दार अजून लोटलेलं होतं, पूर्ण लागलं नव्हतं. आतून मुल्लाचा आवाज आला. कुठल्यातरी बाईला निजवत होता.

"ताई, रेघ पुसली होती का? पुन्हा काढली का कुणी? खरं सांगा. इथं आपल्या दोघांशिवाय कुणी नाही. मी ओरडणार नाही."

बाई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. बाकावर एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, तिची सासू असावी. मला म्हणाली, "आत सोडत नाही हो मेला. पूर्वी सोडायचा म्हणतात."

"हो," मी म्हटलं, "पूर्वी सोडायचा."

मग ते जाड दार लागलं आणि वर लाल दिवा पेटला. दिवा विझला की मुल्ला बाहेर येणार, हे मला पाठ होतं. मी बाकावर बसले. पदरानं तोंड पुसलं, पहिलं वाक्य मनात जुळवलं. आणि दिवा विझायच्या आत उठून जिना चढले.

शैलाची लेक सोनल तेव्हा सहा वर्षांची होती. तिला मीच वाढवली. ती मला आई म्हणते.

वंदना आता पन्नाशीच्या पुढं गेली. माहेरपणाला आली की अजून सांगते, "माझ्या सासूबाईंनी वहिनीच्या हातचा चहा घेतला आणि माझं जमलं. तिचेच उपकार."

मी हो म्हणते.